हवा गावाची, श्वास माणसाचा

थंडी पडली की प्रदूषणाची चर्चा दिल्ली-मुंबईच्या निर्देशांकाभोवती फिरू लागते. फ्लूचे रुग्ण वाढले की तीच चर्चा ‘धुरक्यामुळे साथ पसरली’ असे म्हणून मोकळी होते. रत्नागिरीचे नाव निघालेच, तर उत्तर ठरलेले: इथे समुद्र आहे, खारा वारा आहे, कोकणची हवा शुद्ध. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही रत्नागिरी नाही. म्हणजे प्रश्न मिटला!

तो मिटलेला नाही.

विषाणू धूलिकणांवर बसून गावोगाव हिंडतो, ही २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत इटलीच्या निमित्ताने गाजलेली कल्पना पुराव्याअभावी बाजूला ठेवावी. फ्लू माणसाकडून माणसाकडे जातो. धुराचे काम वेगळे आहे. श्वासनलिकेतली बारीक लव कफ आणि जंतू सतत वर ढकलत असते. सूक्ष्म कणांमुळे ती मंदावते, फुफ्फुसातल्या रक्षक पेशींचे बळ घटते. एरवी परतवला गेला असता तो विषाणू मग आत रुजतो आणि आजार बळावतो. १९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या ज्या शहरांत कोळशावर जास्त वीज बनत होती, तिथे मृत्यूही जास्त झाले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

आता ‘शुद्ध हवे’च्या दाव्याकडे वळू. महाराष्ट्रात फ्लूचे हंगाम दोन: एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळ्यातला. पावसाळ्यात रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बाहेरची हवा धुऊन निघते. हे खरेच आहे. पण त्याच दिवसांत एखाद्या कौलारू घराच्या मागीलदारी डोकवावे. सरपण दमट, झावळ्या ओल्या, सोडणे पेट घेत नाहीत. फुंकणी फुंकून डोळे लाल झालेली म्हातारी, तिच्या मांडीला टेकलेला नातू, आणि झड आत येऊ नये म्हणून लावलेली खिडकी. धूर कौलांतून हळूहळू झिरपतो. बराचसा आतच राहतो. गॅस आला, २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचे सिलिंडरही आले, तरी आंघोळीचे पाणी अनेक घरांत अजून लाकडावरच तापते. अशा घरात गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, दहा माणसे एका माजघरात झोपतात. बाहेरची हवा वर्षातली सर्वांत स्वच्छ आणि आतला श्वास सर्वांत धुरकट, असे हे दिवस. शुद्ध हवेचे समर्थक नेमके इथेच फसतात.

जयगडचा १२०० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प, जांभ्याच्या खाणी, रेंगाळलेल्या महामार्गाची धूळ, यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. तो मांडायलाच हवा. पण त्या वादातही हवा आणि श्वास यांची गल्लत होऊ नये. हवा ही गावाची सरासरी असते. श्वास एकेका माणसाचा, त्याच्या खोलीचा, त्याच्या कामाचा असतो. निर्देशांक हवेचा निघतो, आजारी मात्र श्वास घेणारा पडतो.

म्हणून जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी येत्या पावसाळ्यापासून ताप-खोकल्याच्या प्रत्येक केसपेपरवर एक प्रश्न वाढवावा: घरात चूल पेटते का, आणि तिच्याजवळ कोण बसते?