उघडे लोखंड

आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लोखंड विकत घेणे म्हणजे जन्मभराचे भांडण विकत घेणे होय. खिडकीचे गज, विहिरीवरची कप्पी, फाटकाची कडी, खारा वारा कुणालाच सोडत नाही. म्हणून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या वडिलांच्या बुलेटचा सांगाडा रंग न देता उघडाच ठेवायचे ठरवले, तेव्हा गावातल्या सगळ्या शहाण्या माणसांनी त्याला वेड्यात काढले. मलाही हसू आले. पण पुढे त्या सांगाड्याने मला असे काही छळले की, दिवाळीच्या दिवसांत, चकलीच्या ताटाशेजारी, गंजासारखा विषय काढल्याबद्दल वाचकांची क्षमा मागूनच मला पुढे जायला हवे.

हकीगत अशी. वडील वारले आणि गाडी दोन वर्षे पडवीत ताडपत्रीखाली उभी राहिली. मुलगा पुण्याला नोकरीस. तो सुटीत आला, त्याने ती सगळी खोलली आणि तिचा सांगाडा, ज्याला गॅरेजवाले चासी म्हणतात, औद्योगिक वसाहतीत नेऊन त्यावर वाळूचा मारा करून घेतला. काळा, मग तांबडा, मग पुन्हा काळा, असे रंगाचे थर उडाले आणि खालून करड्या, फिकट चकाकीच्या पोलादी नळ्या बाहेर आल्या. हँडल जिथे बसते त्या मानेच्या थोडे खाली, पुढच्या नळीवर, वेल्डिंगचा एक जुना जाडसर सांधाही दिसला. गाडी कधीतरी जबर आपटली होती. घरात त्याचा कुणी कधी उच्चार केला नव्हता. वडिलांनी परगावी कुठेतरी नळी सांधून घेतली असेल, वर रंग चढवला असेल, आणि घरी येऊन हातपाय धुतले असतील.

"सर, आता हे झाकायचं नाही," मुलगा मला म्हणाला. "बाबांनी झाकलं. मी उघडं ठेवणार."

त्याच्या स्वरात राग होता की माया, ते मला कळले नाही. बहुधा त्यालाही कळले नसावे.

मी चित्रकलेचा मास्तर. दहावीपुढे गेलो तो रंगरेषांच्या परीक्षांनाच. त्यामुळे लोखंडाचे रसायन मला माझ्याच विद्यार्थ्याकडून शिकावे लागले. लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. मीठ आले की काम झपाट्याने होते, कारण गंजणे ही मुळात विजेची क्रिया आहे आणि खाऱ्या ओलाव्यातून वीज सहज वाहते. पाऊसच पडायला हवा असेही नाही. हवेतला दमटपणा 60 टक्क्यांच्या वर गेला की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात तो आकडा कितीतरी मागे पडतो. अॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावरही हवेने थर चढतो. पण तो घट्ट चिकटून आतल्या धातूची राखण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत. तो फुगतो, सुटतो, आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेच्या तोंडी देतो. वाळूने घासलेले पोलाद तर फारच हळवे. दमट दिवशी काही तासांतच त्यावर तांबूस छटा येते.

मुलाने प्रथम पारदर्शक लाखेसारखा लेप दिला. दिसायला मोठा सुंदर. पण असा लेप कुठेतरी टाचणीएवढा उखडला की पुरे. ओलावा तिथून आत शिरतो आणि लेपाखाली गंजाच्या बारीक दोऱ्या वळवळत पसरतात. जुलैत तेच झाले. वरून हात फिरवावा तर काच. आत मात्र अळीने पान पोखरावे तसे. मग त्याने लेप खरवडला, पोलाद घासले, आणि तेल व मेण चोळण्याचा मार्ग धरला. नळ्यांच्या आतही गंज धरतो, तो तर बाहेरून दिसतही नाही. म्हणून उकळलेले जवसाचे तेल आत ओतून, सांगाडा चारी अंगांनी फिरवून, उरलेले ओघळू दिले. जवसाचे तेल म्हणजे तैलरंगांचे तेल. ते वाळून पापुद्रा धरते. त्या दिवशी पडवीत माझ्या रंगपेटीचा वास आला.

मी त्याला म्हटले, "अरे, तांबडा रेड ऑक्साईड मारून वर काळा रंग दे, म्हणजे सुटशील." (आमच्या अंगणातला गेरू आणि तो रेड ऑक्साईड दोन्ही लोखंडाचेच ऑक्साईड, म्हणजे गंजाची सख्खी भावंडे. जे एकदा गंजून चुकले तेच ताज्या लोखंडाचे रक्षण करते, ही गोष्ट मला फार आवडते.) त्यावर त्याने दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला दिला. सोळाशे वर्षे तो उघडाच उभा आहे ना! आहे खरा. परंतु कानपूरच्या आय.आय.टी.तले प्रा. आर. बालसुब्रमणियम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवले की, त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण पुष्कळ असल्याने गंजाखाली फॉस्फेटचा एक पातळ थर तयार झाला, आणि तोच थर आतल्या लोखंडाला सांभाळतो. म्हणजे तो स्तंभही उघडा नाही. आपल्याच पहिल्या गंजातून विणलेले वस्त्र तो अंगावर घेऊन उभा आहे.

मुलगा ऐकेना, आणि त्याचे अगदीच चुकत होते असे मला म्हणवत नाही. रंगाखाली तो सांधा पुन्हा चिरत गेला असता तर? घाटातल्या एखाद्या वळणावर मान तुटेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. झाकलेले सुखरूप असतेच असे नाही. कित्येकदा ते फक्त न दिसणारे असते. पण त्याच रंगाने इतकी वर्षे समुद्राचा वारा त्या सांध्याला लागू दिला नाही, हेही तितकेच खरे.

मी स्वतः शाळेत स्पष्टवक्ता म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ही प्रसिद्धी मी दागिन्यासारखी मिरवीत आलो. एका गृहस्थांना त्यांच्या मुलीदेखत मी सांगितले होते, "हिला चित्रकला येणार नाही, पैसे वाया घालवू नका." खरे तेच सांगितले होते. त्या संध्याकाळी माझी पत्नी त्या मुलीच्या घरी जाऊन बराच वेळ बसली. हे मला चार वर्षांनी कळले, तेही दुसऱ्याच कुणाकडून. अशी किती घरे ती हिंडली असेल ते विचारायचा मला धीर झालेला नाही. एकदा उघडे केले म्हणजे आपले काम संपले, असे आम्हा सत्यप्रिय माणसांना वाटते. त्यानंतरची पुसापुशी कोण करतो, हे पाहायला आम्ही थांबत नाही.

गणपतीत मी त्या घरी आरतीला गेलो. मुलगा रजा न मिळाल्यामुळे आला नव्हता. महिना होऊन गेला होता. त्याने पडवीच्या तुळईला टांगून ठेवलेला सांगाडा मी पाहिला आणि थबकलो. भर पावसाळ्यात त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. आरती आटोपल्यावर त्याची आई तेलाचे फडके घेऊन आली आणि नळ्या पुसू लागली.

"वहिनी, रोज पुसता?"

"दिवेलागणीला. पोर म्हणतं उघडं ठेवायचं. ठेवते." मग थोड्या वेळाने, "त्यांनी रंग दिला होता, गुरुजी, तेव्हा मला कधी पुसावं लागलं नाही."

लोखंडाच्या पत्र्याला जस्त चढवतात. जस्त आधी झिजते, म्हणून लोखंड टिकते. हे मला तेव्हा आठवले. पण आठवले म्हणून बोलून दाखवावे असे निदान त्या घटकेला वाटले नाही. मी एवढेच विचारले, "हे असं काही झालं होतं, ते तुम्हांला कधी कळलं नाही ना?"

तिने हात थांबवला नाही. "एकदा ते उशिरा आले. पान वाढलं तर डाव्या हातानं जेवायला बसले. मी विचारलं नाही."

बाहेर पावसाची सर आली होती. मी खुंटीवरचे दुसरे फडके घेतले, तेलात बुडवून पिळले, आणि मागच्या नळ्यांपासून सुरुवात केली. पुसत पुसत मानेकडे आलो तेव्हा ती म्हणाली, "तेवढं राहू द्या, गुरुजी. तो सांधा मी पुसते."