आहे त्या हाताची चकती

कॅलिफोर्नियात पासाडिना शहराच्या वरच्या अंगाला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी ओक वृक्षांचं एक उद्यान आहे. आज त्याला हाहामोंग्ना म्हणतात. पूर्वीचं नाव ओक ग्रोव्ह. अवकाशयानं घडवणारी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी त्याला लागूनच आहे. एड हेड्रिक यांनी १९७५ साली डिस्क गोल्फचं पहिलं कायमस्वरूपी मैदान इथं आखलं. साखळ्यांची टोपलीही त्यांचीच कल्पना. तिचं पेटंट १९७७चं. चकती भिरकवायची, ती पडेल तिथून पुन्हा भिरकवायची आणि कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायची, एवढाच खेळ.

मनानं या ओकांखाली येऊन उभे राहा. सकाळ आहे, मागे कुणी खोळंबलेलं नाही. फेकायची घाई करू नका. पिशवीतून अंडरस्टेबल फेअरवे ड्रायव्हर काढा, म्हणजे दूरच्या फेकीची, वेगात सहज बाजूला झुकणारी चकती, आणि ती नुसती हातात धरा.

व्यास सुमारे २१ सेंटिमीटर, वजन १५० ते १७५ ग्रॅम. अंगठा वर, बाकीची बोटं खालून कडेच्या आत. बोटांना कडेची जाडी जाणवू द्या. आता दुसऱ्या हाताचं बोट बाहेरच्या धारेवरून सावकाश फिरवा. वरून येणारी गोलाई आणि खालचा उतार जिथं मिळतात ती रेघ शोधा. अंडरस्टेबल चकतीत ही रेघ बहुधा जरा खाली असते. हा उतार खेळात आला १९८३ साली, डेव्ह डनिपेस यांच्या ‘ईगल’ या चकतीबरोबर. त्याआधीच्या चकत्यांची कड बोथट होती. हवा कापत दूर जाणारी चकती ही त्या उताराची देणगी आहे. बोट पुन्हा एकदा फिरवा.

आता डोळे मिटून हवेतली चकती पाहा. तुम्ही उजव्या हाताने बॅकहँड फेकता आहात असं धरू. डावखुऱ्यांनी दिशा उलट करून घ्यावी. वरून पाहिलं तर चकती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते आहे. ती भरधाव असते तेव्हा हवेच्या उचलीचा मध्य तिच्या वजनाच्या मध्यामागे सरकतो आणि नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबलं जातं. फिरत नसती तर ती सरळ नाकावर आपटली असती. पण भोवरा कलला की लगेच पडत नाही, बाजूला घुमत जातो. फिरत्या चकतीवरचा दाबही तसाच काटकोनात वळून दिसतो. नाक खाली जाण्याऐवजी तिचं अंग उजवीकडे झुकतं. पुढे वेग ओसरतो, उचल पुढे सरकते, नाक वर ढकललं जातं, आणि मग ती डावीकडे झुकत उतरते. प्रत्येक फेकीत या दोन झुकावांची ओढाताण चालते. अंडरस्टेबल चकतीत पहिला झुकाव कमी वेगातही प्रकट होतो. चकत्यांमधला सगळा फरक मला इथंच दिसतो.

चकतीवर छापलेले चार आकडे हेच सांगतात: वेग, तरंगणं, आधीचं उजवं वळण, शेवटचं डावं वळण. इनोव्हाच्या ‘लेपर्ड’वर ६, ५, -२, १ असे आकडे आहेत. त्याच कंपनीच्या ‘फायरबर्ड’वर ९, ३, ०, ४. दोन्ही फेअरवे ड्रायव्हरच. पण हे आकडे त्या चकतीला लागणारा वेग मिळाला तरच खरे ठरतात. संथ हातातून निघालेली फायरबर्ड उजवीकडे झुकण्याचं नावही घेत नाही. थोडी सरळ जाते आणि डावीकडे आपटते. त्याच हातातून लेपर्ड सरळ जाते, कधी हलकेच उजवीकडे वळते, आणि बराच वेळ हवेत राहते.

म्हणून निवड करताना आधी स्वतःच्या हाताकडे पाहा. स्पर्धेत पाहिलेल्या खेळाडूचा हात बाजूला ठेवा, पुढच्या वर्षी होणारा हातही ठेवा. आज या खांद्यातून, या कमरेतून, या मनगटातून जेवढा वेग येतो तेवढाच मोजा. दुकानात १२ वेगाची ‘डिस्ट्रॉयर’ खुणावत असते. माझं मत ठाम आहे: हात तयार होईपर्यंत ती तिथंच राहू द्यावी. तिला वळवण्यासाठी माणूस जोर लावतो, मनगट पिळतो, आणि ती पिळण्याची सवय पुढे कित्येक महिने निघत नाही. हात संथ असेल तर वजनही जरा कमी घ्या, १६० ग्रॅमच्या आसपास. साधं प्लास्टिक झाडांना घासून लवकर झिजतं आणि चकती आणखी अंडरस्टेबल होते. मला अशी झिजलेली लेपर्ड नव्या कोऱ्या चकतीहून अधिक प्रिय आहे.

फेकण्याआधी वारा पाहा. गवताची चार पाती उडवून बघा. वारा समोरून असेल तर चकतीला हवा अधिक वेगाने भिडते, म्हणून ती जास्त वळते. पाठीमागून असेल तर वळण कमी होतं. समोरून जोराचा वारा असेल तर ही चकती पिशवीत ठेवलेली बरी.

आता फेक. चकतीची बाहेरची कड जमिनीकडे किंचित झुकवा. याला हायझर म्हणतात. छातीजवळून, एका सरळ रेषेत हात मागे न्या. श्वास सोडा. आधी कंबर वळू द्या, खांदा तिच्यामागून येईल, कोपर त्याच्यामागून, आणि चकती सर्वांत शेवटी. बोटं आपसूक सुटतील, मनगटाने तिला वळवायला जाऊ नका. झुकवलेली चकती वेगामुळे स्वतःच उठून सपाट होते आणि दोन ओकांमधल्या वाटेने सरळ निघते. ते उठणं पाहा. तिथं तुमचा हात नाही. कडेचा आकार, फिरणं आणि हवा एवढीच आहेत. तुमच्याकडे फक्त कोन होता आणि सुटण्यातली स्वच्छता होती.

चकती निघताना थरथरली का, तेही पाहा. थरथर असेल तर ती हवी त्याहून जास्त उजवीकडे लवंडते, आणि दोष चकतीला दिला जातो. नाक वर राहिलं असेल तर ती उंच चढून मंदावते आणि डावीकडे पडते. ही चकती हाताची चूक झाकत नाही, शिकणाऱ्याने ती बाळगावी असं मी म्हणतो ते यासाठीच. फायरबर्डसारख्या ताठ स्वभावाच्या चकत्या पुष्कळ चुका पोटात घालतात, आणि मग त्या चुका आपल्याला कळतच नाहीत.

आता चालत जा, चकती उचला, परत या. दुसरी फेक तशीच, तेवढ्याच जोरात. ती उजवीकडे फार गेली असेल तर हायझर थोडा वाढवा. सपाट न होता डावीकडेच राहिली असेल तर थोडा कमी करा. एका वेळी कोनच बदला, जोर तसाच राहू द्या.