पिन तुझा, नाव तिचं

थांब. पिशव्या खाली ठेव आणि इकडे बघ. आत्ता काउंटरवर काय केलंस? त्या मुलीनं स्वाइप मशीन तुझ्यासमोर धरलं, हळू आवाजात म्हणाली, "सर, पिन तुम्ही टाका." आणि तू? मोबाइल कानाला लावलेला, तिच्याकडे न बघताच ओरडलास, "एकोणीसशे शहाऐंशी, टाका तुम्हीच!" रांगेत सगळ्यांनी ऐकलं. मला तर ऐकायचीही गरज नव्हती. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर ते साल मीच लिहिलं होतं.

गणितात तू ढ नव्हतास, म्हणून जास्त राग येतो. ०००० ते ९९९९ किती झाले? दहा हजार. एवढ्यांतून एक निवडायची मुभा होती तुला, आणि तू जन्मसाल निवडलंस. तुझा चेहरा पाहून वय ताडणाऱ्याला पाच-दहा आकडेच तपासायचे उरतात. तेवढेही कष्ट कुणाला पडू नयेत म्हणून तू आज ते जाहीर केलंस!

वर साबण राहिला म्हणून कार्ड काउंटरवर टाकून आत गेलास. त्या कार्डावर टॅपची खूण आहे. पाच हजारांपर्यंतच्या खरेदीला ते पिन विचारतही नाही. पुढचे आकडे, मुदतीची तारीख आणि मागचा सीव्हीव्ही यांचे दोन फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? ओटीपी येईल म्हणतोस? परदेशातल्या कित्येक वेबसाइट ओटीपी मागत नाहीत. टॅप आणि परदेशी व्यवहार बंद ठेवायची सोय रिझर्व्ह बँकेनं २०२० सालीच बँकांना द्यायला लावली. तुझ्या बँकेच्या ॲपमध्येही असेल. कधी उघडून पाहिलंस?

"माझा विश्वास आहे हो तुमच्यावर," असं वर म्हणालास तिला. मोठं मन दाखवल्यासारखं! अरे, तिनं मागितला होता का तो विश्वास? वर बघ, गल्ल्यावर कॅमेरा आहे. उद्या तुझ्या खात्यातून कुणीही, कुठूनही पैसे काढले, तरी फुटेजमध्ये तुझा पिन दाबणारी बोटं तिची दिसतील. मॅनेजर आधी तिला आत बोलावेल. दिवसअखेर गल्ल्यात शंभर रुपये कमी भरले तरी जिला जाब द्यावा लागतो, तिच्या गळ्यात तू तुझं अख्खं खातं अडकवून मोकळा झालास. मशीन पुढे करून ती मान वळवून उभी होती, ते कशासाठी? स्वतःला जपत होती, आणि तुलाही. तू मात्र तिच्यावर डाफरलास, "किती वेळ लावता!"

बँक भरून देईल या भरवशावर राहू नकोस. २०१७ चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे : ग्राहकानं स्वतःच पिन दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. पैसे गेल्याचं दिसलं तर त्या क्षणी बँकेला कळवायचं आणि १९३० वर फोन करायचा. "उद्या बघू" हा तुझा जुना रोग तिथे चालणार नाही.

हसू नकोस. मोबाइलच्या कव्हरमध्ये दुसरं कार्ड दिसतंय, त्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर काय लिहिलंय? दाखवू नकोस मला! फाड ती. बारीक तुकडे कर.

आता आधी आत जा आणि त्या मुलीला नीट शब्दांत सॉरी म्हण. मग समोरच्या एटीएमवर जाऊन पिन बदल, मी पिशव्या धरतो. जन्मसाल नको. लग्नाचं साल नको. गाडीचा नंबरही नको... बघ, तोच ठेवणार होतास ना?