हातमोजे

आजाऱ्याची सेवा करताना स्वतःला जपणे प्रेमात बसते का? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण ह्यांची केमोथेरपी चालू होती त्या सहा महिन्यांत तो आमच्या घरात मुक्कामालाच होता. इस्पितळातून निघताना परिचारिकेने बजावले होते: औषध दिल्यावर निदान दोन दिवस रोग्याचे मलमूत्र, ओकारी उघड्या हाताने काढू नका, हातमोजे घाला, खराब झालेले कपडे वेगळे धुवा, संडासात दोनदा भरपूर पाणी टाका, गरोदर बाईने या कामाला हात लावू नये.

कर्करोग स्पर्शाने लागत नाही. जवळ बसा, हात धरा, एका पंक्तीला जेवा. काही बिघडत नाही. जपायचे ते औषधापासून. यांतली काही औषधे महायुद्धातल्या मस्टर्ड वायूच्या कुळातली. १९४२ साली अमेरिकेत येल विद्यापीठात त्याच कुळातले एक रसायन रोग्याला प्रथम दिले गेले. आपल्या दारातली सदाफुली बिचारी देवपूजेपुरती वाटते, पण तिच्यातूनही व्हिन्क्रिस्टीन निघते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणे हे या औषधांचे काम. शरीराबाहेर पडताना त्यांचा काही अंश तसाच उरतो, आणि पेशी रोग्याच्या की सेवा करणाराच्या, हे त्याला कळत नाही.

एवढे समजूनही हात अडखळतो. आपल्या समाजाने माणसापासून दूर सरण्याला पिढ्यान्‌पिढ्या पावित्र्याचे नाव दिले. त्यामुळे झाकलेला हात दिसला की मनाला पहिला शब्द सुचतो तो विटाळ. माझी धाकटी जाऊ सातव्या महिन्यात होती. ती रागावून म्हणाली, "अक्का, भाऊजींचा मला कसला विटाळ?" विटाळ कुणाचाच नव्हता. सोवळ्यात माणसाला शिवायचे नसते. इथे शिवता यावे म्हणूनच मोजे होते. पण हे तिला पटवायला दोन दिवस गेले.

सावित्रीबाई फुल्यांची आठवण अशा वेळी हटकून निघते. त्यांचे अध्यापनाचे शिक्षण काही काळ नगरला मिस फरार यांच्याकडे झाले, म्हणून आम्हा इकडच्या शिक्षकांना त्या घरच्याच वाटतात. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याचे आजारी पोर पाठीवर घेऊन त्यांनी हडपसरजवळच्या दवाखान्यात नेले, आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. त्यांच्यापुढे रबरी मोज्यांचा विषय काढायला कुणालाही संकोच वाटेल. परंतु त्यांच्यापुढे दुसरा उपाय नव्हता. उपाय हाती असून तो झिडकारणे हा त्यांचा कित्ता नव्हे. आणि वटपौर्णिमेची सावित्री तरी काय करते? नवऱ्यामागे मरत नाही. यमाशी बोलत राहते, आणि बोलायला जिवंत असावे लागते!

असो. युक्तिवाद माझ्या बाजूचा होता, तरी ह्यांनी एकदा जे म्हटले त्याला त्यात उत्तर नाही. "नर्सने घातले तर काही वाटत नाही गं. तू घातलेस की वाटते." ते खरेच होते. काम उरकले की मी मोजे काढून साबणाने हात धुई आणि ह्यांचे पाय चेपीत बसे. कधी नुसतीच पावलांवर हात ठेवून. जावेकडे वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम आले. ती बातम्या सोडून वधू-वरांच्या जाहिरातीच वाची, आणि हे प्रत्येक वराला नापास करीत.