छत माझे, ऊन कोणाचे?

स्वतःच्या मालकीची विहीर असण्यात माणसाला जे सुख वाटते, ते केवळ पाण्याचे नसते. पाळी लावावी लागत नाही, कोणाच्या दारी जावे लागत नाही, कोणाचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागत नाहीत, हे त्यातले खरे सुख. आज तालुक्याच्या गावातूनही गच्च्यागच्च्यांवर सोलरची निळीकाळी पॅनेले दिसू लागली आहेत, आणि त्यांच्या मालकाच्या चेहऱ्यावर मला तेच विहिरीचे सुख दिसते. “आता बिलाची कटकट नाही, गुरुजी. आपण आता कोणाचे मिंधे नाही,” असे एक गृहस्थ परवा मला म्हणाले. त्यांच्या आनंदात मी सहभागी झालो. परंतु “कोणाचे मिंधे नाही” हे शब्द काही माझ्या मनातून जाईनात. घरची वीज घरात निर्माण करणारा माणूस खरोखरच कोणाचा देणेकरी उरत नाही काय?

प्रकाश पडल्याने वीज निर्माण होते ही गोष्ट फ्रान्समधील एडमंड बेकरेल या तरुणाच्या ध्यानात १८३९ साली आली. तिचा व्यवहारात उपयोग व्हावयाला मात्र शतकाहून अधिक काळ लागला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली सिलिकॉनचा सौरघट जगापुढे ठेवला. पण तो इतका महाग होता, की त्याची पहिली मोठी कामगिरी घरांवर नव्हे, तर १९५८ साली सोडलेल्या व्हॅनगार्ड उपग्रहावर झाली. आकाशात गेलेली ही वस्तू आता आमच्या गच्चीवर उतरली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. तीन किलोवॅटची यंत्रणा बसवणाऱ्या घराला तीत ७८,००० रुपयांचे अनुदान आहे. तीन किलोवॅटसाठी सुमारे तीनशे चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि स्वच्छ उन्हात दिवसाला बाराएक युनिट वीज मिळते. ज्याला ऐपत असेल तो जोडीला बॅटरी घेतो, आणि त्याहून अधिक ऐपत असेल तो पोर्चमध्ये मोटारीचा चार्जरही बसवतो.

यात अन्याय कोणावर होतो, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. विहिरीच्या बाबतीत अन्याय डोळ्यांना दिसतो. एकाने तीनशे फूट बोअर मारले, की शेजाऱ्याच्या आडाला तळ दिसू लागतो. कारण जमिनीच्या पोटातले पाणी सर्वांचे मिळून एकच असते. उन्हाचे तसे नाही. माझ्या छतावर पडलेले ऊन मी वापरले म्हणून शेजारच्या अंगणातले ऊन उणे होत नाही. तारेतल्या विजेचा इतिहास मात्र इतका निरपराध नाही. १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीला सत्याग्रह केला, तो विजेसाठी बांधल्या जाणाऱ्या टाटांच्या धरणाविरुद्धच होता. दिवे मुंबईत लागायचे होते आणि त्यासाठी मावळातली भातखाचरे पाण्याखाली जायची होती. पुढे कोयनेच्या धरणानेही गावेच्या गावे उठवली. गच्चीवरच्या पॅनेलामुळे कोणाचे घर बुडत नाही. ते घडवताना कोठेतरी भट्ट्या पेटलेल्या असतात आणि बॅटरीसाठी कोठेतरी खाणी खणलेल्या असतात, हे खरे. तरीही एका घराला उजेड हवा म्हणून दुसऱ्या घराने उठून जावे, हा जुना सौदा येथे टळतो. हे पुण्य लहान नव्हे.

मग अडते कोठे? अडते ते रात्री.

सूर्याचे आणि आपल्या गरजेचे वेळापत्रक जमत नाही. बाराच्या उन्हात घर रिकामे असते. माणसे कचेरीत, मुले शाळेत. ती वीज मीटरमधून बाहेर, गावाच्या तारेत जाते, आणि रात्री आपण तारेतून तितकीच परत घेतो. हिशेबात दोन्हींची वजावट होते आणि बिल शून्याजवळ येते. परंतु वही जमली म्हणून वस्तुस्थिती बदलत नाही. दुपारी दिलेली वीज कोणीतरी तेव्हाच वापरून टाकलेली असते. रात्री येते ती मुख्यतः चंद्रपूर-कोराडीला जळणाऱ्या कोळशाची. मोटारीचे गणित तर शाळेतल्या पोरालाही सुटेल. लहानशा विद्युत मोटारीची बॅटरी तीस युनिटांची, छत बारा युनिटांचे. म्हणजे घरात एकही पंखा न फिरवता अडीच दिवसांचे सगळे ऊन दिले तर मोटार एकदा भरते. घरची बॅटरी असते पाच-दहा युनिटांची. तिच्यातून मोटार भरणे म्हणजे घागरीने हौद भरणे होय. तेव्हा संध्याकाळी सात वाजता घरी आलेली मोटार चार्जरला लावून “माझी गाडी सूर्यावर चालते” असे म्हणणारा गृहस्थ खोटे बोलतो असे नाही. पण त्या वेळी बॉयलरपुढे रात्रपाळीला उभा असलेला कामगार त्याच्या वाक्यातून गळलेला असतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती पुष्कळांना माहीत नसते आणि कळली की राग येतो. बॅटरी नसलेली यंत्रणा गावाची वीज गेली की आपोआप बंद पडते. लख्ख ऊन पडलेले, छतावर पॅनेले तापलेली, आणि खाली पंखा थांबलेला! आमच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, “गुरुजी, सूर्य तर चालू आहे, मग आमची वीज का गेली?” उत्तर असे, की तार दुरुस्त करायला त्या वेळी कोणी वायरमन खांबावर चढलेला असू शकतो. तार मेलेली आहे असे समजून तो तिला हात घालतो. प्रत्येक छताने आपली वीज तशीच बाहेर सोडली, तर तो जागच्या जागी मरेल. म्हणून यंत्राला ही शिस्त लावलेली आहे: बाहेर अंधार झाला, की तूही थांब. मुलाला ते तत्काळ पटले. मोठ्या माणसांना ते पटायला वेळ लागतो, कारण आपल्या घरातली गैरसोय त्यांना दिसते, आणि खांबावरचा माणूस दिसत नाही. न दिसणाऱ्या माणसासाठी स्वतःचा पंखा थांबवणे, नीतीचा सगळा अभ्यासक्रम मला तर या एका यंत्रात आलेला दिसतो.

बॅटरी आली, की हे बदलते. वीज जाताच घर बाहेरच्या तारेपासून स्वतःला तोडून घेते आणि आतले दिवे चालू राहतात. वायरमन सुरक्षित असतो, घरही उजळलेले असते. परंतु गल्ली अंधारात असताना उजळलेल्या त्या एका घराला आता खंडित विजेची तक्रार उरत नाही. आणि खरा धोका मला येथेच वाटतो. गावातले ज्यांचे म्हणणे ऐकले जाते, असे डॉक्टर, वकील, व्यापारी यांची घरे आधी उजळणार. त्यांचे दिवे जाणे थांबले, की वीज गेल्याची ओरड करायला मागे उरतात ते पत्र्याच्या घरातले, भाड्याच्या खोलीतले, चाळीतले लोक. ज्यांना डोक्यावर छप्पर आहे, पण स्वतःचे छत नाही. बड्यांची मुले सरकारी शाळांतून निघून गेल्यावर त्या शाळांच्या गळक्या कौलांविषयी कोण बोलते, हे मी माझ्या नोकरीत पाहिले आहे.

पैशाचीही बाजू आहे. आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर वापराप्रमाणे चढतो. शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्याला दर हलका, पुढे तीनशे, पाचशे अशा पायऱ्यांनी भारी. भारी दर देणाऱ्यांच्या पैशांतून गरिबाच्या दिव्याला टेकू मिळतो. छत, पैसा आणि मोठे बिल हे तिन्ही ज्यांच्यापाशी आहे, तेच या वाटेने पहिल्यांदा बाहेर पडतात. खांब, तारा, रोहित्रे मात्र तेवढीच राहतात आणि त्यांचा खर्च मागे राहिलेल्यांवर येतो.

मग पॅनेले बसवूच नयेत काय? असे कोण म्हणेल? मी माझे छत रिकामे ठेवल्याने शेजारच्या विधवेच्या घरात दिवा लागणार नाही. कोळसा मात्र थोडा अधिक जळेल. प्रश्न बसवावे की नाही हा नाही. बसवल्यानंतर आपण कोण होतो, हा आहे. बिलावरचा ‘स्थिर आकार’ हा दंड न मानता, आपली दुपारची वीज सांभाळणाऱ्या आणि रात्री परत आणणाऱ्या तारेचे भाडे मानून तो निमूट भरावा. सुट्टीच्या दिवशी मोटार उन्हात भरावी; सारा गाव दिवे लावतो त्या घटकेला नव्हे. सोसायटीची गच्ची वरच्या मजल्यावरच्यांची नसून सर्वांची असते. तिच्यावर मिळून यंत्रणा बसवली तर पाणी चढवणारा पंप, जिन्यातले दिवे आणि खालचे मोटारींचे चार्जर यांसाठी त्याच योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. वीज गेलेल्या रात्री शेजाऱ्याचे इन्सुलिन आपल्या फ्रीजमध्ये ठेवून घ्यावे, त्याचा फोन भरून द्यावा. आणि आपले दिवे चालू असले, तरी गल्लीची वीज गेल्याची तक्रार पहिल्यांदा आपण नोंदवावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आहे, आणि म्हणूनच ती सर्वांत आधी सुटेल अशी मला भीती वाटते.

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे आपल्याला पाठ असतात. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यांचे ऋण. आणि ते आतिथ्याने फिटते असे तेथे मानले आहे. पहिल्या तिघांविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही. चौथे मात्र रोज दारातून जाता-येता भेटते. सूर्य फुकट आहे, यात शंका नाही. परंतु त्याचे ऊन छतावरून दिव्यापर्यंत पोहोचेतो इतक्या माणसांचे हात त्याला लागलेले असतात, की “मी कोणाचा मिंधा नाही” असे म्हणण्यापूर्वी ते हात एकदा मोजून पाहावेत. मिंधेपणाची लाज वाटू नये; ऋणाचा विसर पडण्याची मात्र वाटावी.