हे आपण फोडलं का?

गेल्या जानेवारीत आमच्या सातवीच्या वर्गाची सहल अंबरनाथच्या शिवमंदिराला नेली. बदलापूर गावातून रिक्षाने स्टेशन, तिथून लोकलने एकच स्टेशन आणि पुढे पुन्हा रिक्षा, एवढाच प्रवास. तरीही सहलीचा अर्ज वाटल्यावर दुसऱ्या दिवशी दोन पालक शाळेत आले. एकाने शांतपणे विचारले, "टीचर, बच्चों को मंदिर दिखाने की क्या जरूरत?" मी म्हटले, पूजेला नेत नाही, पाहायला नेते आहे. कुरआनातच जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे पुन:पुन्हा सांगितले आहे. ते ऐकून घेऊन गेले, पण मुलाला पाठवले नाही. बाकीची एकतीस मुले आली.

मंदिर मुलांना आवडले. काळ्या दगडाची ती वास्तू शिलाहारांच्या काळातली. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060 हे वर्ष आणि माम्वाणी राजाचे नाव आहे. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. वर शिखर पूर्ण नाही, त्यामुळे गाभाऱ्यात उभे राहून मान वर केली की आभाळ दिसते. मुलांनी बाहेरच्या भिंतीवरचे हत्ती मोजायला सुरुवात केली. मी वहीतली टिपणे वाचून दाखवत होते. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. त्याप्रमाणे सगळे नीट चालले होते.

मग एका मुलीने माझी ओढणी ओढली. भिंतीवरच्या एका मूर्तीकडे तिने बोट दाखवले. मूर्तीचा चेहरा नव्हता, एक हातही नव्हता. ती हळूच म्हणाली, "टीचर, ये हमने तोड़ा क्या?"

बारा वर्षांची मुलगी. तिने हे कुठे ऐकले, असे मी विचारले नाही. कुठे ऐकले असेल ते मला माहीत होते. मोबाइलवर, बसमध्ये, रस्त्यावरच्या घोषणेत, कुठेही ऐकू येते. मी चटकन उत्तर दिले, "नाही गं, साडेनऊशे पावसाळे झाले या दगडावर. ऊन, पाऊस, झाडांची मुळं, सगळ्यांनी झिजतो दगड." तिने मान डोलावली. मीही पुढच्या भिंतीकडे वळले.

उत्तर खोटे नव्हते. त्या मंदिराचा बराच भाग हवापाण्याने झिजला आहे, हे कुणीही पाहून सांगेल. त्या विशिष्ट मूर्तीचा चेहरा कशाने गेला, हे मी कशाच्या आधारे सांगणार होते? पण मला टोचत राहिले ते वेगळेच. तिने मूर्तीबद्दल विचारलेच नव्हते. तिने 'हम'बद्दल विचारले होते. आणि मी तिला दगडाबद्दल सांगून मोकळी झाले होते.

*

माझा धाकटा भाऊ कामानिमित्त दीड वर्षापासून जर्मनीत आहे. गेल्या उन्हाळ्यात तो हायडेलबर्ग पाहायला गेला आणि मला फोटो पाठवत राहिला. मला त्या शहराचे अप्रूप आहे, कारण अल्लामा इक्बाल 1907 साली तिथे जर्मन शिकायला राहिले होते. नेकर नदीच्या काठावरची त्यांची संध्याकाळची नज्म उर्दू शिकवणाऱ्या कुणालाही माहीत असते. आज त्या नदीकाठच्या एका रस्त्याला इक्बालांचे नाव आहे. भावाने त्या पाटीचा फोटो आधी पाठवला. मला आवडेल हे त्याला ठाऊक होते.

मग किल्ल्याचे फोटो आले. लाल दगडाचा, डोंगराच्या पोटात बसलेला, अर्धा मोडलेला किल्ला. तो फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी 1689 आणि 1693 साली उद्ध्वस्त केला. पुढे वीजही पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पुन्हा बांधावा की नाही, यावर जर्मनीत मोठा वाद झाला. मोडलेले मोडलेलेच सांभाळावे, असे म्हणणारे बहुतांशी जिंकले. आज जगभरचे लोक तिकीट काढून ते भग्न वैभव पाहायला येतात. फ्रेंच प्रवासीही येतात, आणि हे तुम्ही फोडलेत, असे त्यांना तिथे कुणी म्हणत नाही.

त्याच्या खालचा जुना पूलही सुंदर आहे. अठराव्या शतकातला. तो मार्च 1945 मध्ये पडला, पण शत्रूने पाडला नाही. अमेरिकन सैन्य येते आहे म्हणून माघार घेणाऱ्या जर्मन सैनिकांनीच तो उडवला. 1947 पर्यंत गावाने तो पुन्हा उभा केला.

शेवटचा फोटो मला आधी कळलाच नाही. नुसता एक लहानसा चौक होता, घरांच्या मध्ये रिकामी सोडलेली जागा. भावाने खाली लिहिले होते, "इथे ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं. नोव्हेंबर 1938 मध्ये जाळलं. जमिनीवर दगडांनी त्याचा आकार आखून ठेवला आहे." दोन वर्षांनी, ऑक्टोबर 1940 मध्ये, त्या आणि शेजारच्या प्रांतातल्या सहा हजारांहून अधिक ज्यूंना गाड्यांत भरून फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत धाडले गेले. त्यांतले पुष्कळ परत आले नाहीत. आता त्या शहरांच्या फुटपाथवर, त्यांच्या जुन्या घरांपुढे, तळहाताएवढे पितळी दगड बसवले आहेत. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने ही कल्पना काढली. 2023 पर्यंत युरोपभर असे एक लाख दगड बसले. त्यांवरचे नाव वाचायचे तर मान खाली घालावी लागते.

म्हणजे एकाच शहरात तीन मोडतोडी पाहायला मिळतात. एक परक्यांनी केलेली, एक आपल्याच माणसांनी घाईत केलेली आणि एक आपल्याच माणसांनी शेजाऱ्यांवर केलेली. आणि तिन्ही दाखवल्या जातात. मला पुन्हा ती मुलगी आठवली.

*

त्याच हायडेलबर्ग विद्यापीठात कार्ल यास्पर्स नावाचे तत्त्वज्ञ शिकवीत. पत्नी ज्यू म्हणून 1937 साली नाझी सरकारने त्यांना काढून टाकले. दोघे त्याच शहरात जीव मुठीत धरून राहिले. युद्ध संपल्यावर, 1945-46 च्या हिवाळ्यात, त्यांनी विद्यार्थ्यांपुढे अपराध या विषयावर व्याख्याने दिली. पुढे त्यांचे पुस्तक झाले. उपाशी, हरलेल्या, रागावलेल्या त्या विद्यार्थ्यांना सगळे जग म्हणत होते, तुम्ही गुन्हेगार आहात. यास्पर्स यांनी विचारले, कोणत्या अर्थाने?

त्यांनी अपराधाचे चार प्रकार केले. पहिला कायद्यातला. ज्याने कृत्य केले त्याचा, आणि फक्त त्याचा. दुसरा राजकीय. आपल्या राज्याने जे केले त्याचे परिणाम नागरिकांना मिळून सोसावे लागतात, मग वैयक्तिक दोष असो वा नसो. तिसरा नैतिक. मी गप्प बसलो का, मान डोलावली का, याचा जाब ज्याच्या त्याच्या मनाने द्यायचा. चौथा त्याहून खोल. दुसऱ्याला नेताना पाहिले आणि आपण जिवंत उरलो, याची जी लाज वाटते ती. तिचा न्याय माणूस करू शकत नाही, फक्त ईश्वर करू शकतो. आणि एखादी सबंध कौम, सबंध राष्ट्र, गुन्हेगार ठरवणे त्यांनी साफ नाकारले.

हे वाचताना मला परके वाटले नाही. एकाचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर दिले जात नाही, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. माझ्या विद्यार्थिनीने काहीही फोडलेले नाही. तिच्या अब्बांनी नाही, आजोबांनी नाही. चार प्रकारांपैकी एकातही ती बसत नाही. प्रश्न इथे संपायला हवा होता.

पण संपत नाही, कारण मीच तिला दुसऱ्या दिवशी वेगळे शिकवते. ताजमहालाचा धडा असला की माझा आवाज बदलतो. गोलघुमट, बीबी का मकबरा, दौलताबाद सांगताना मी नकळत 'अपने बादशाह' म्हणून जाते. मुले ताठ बसतात. मग ताजमहाल बांधताना 'हम' होतो, तर मूर्ती फुटताना 'हम' कुठे गेलो? बांधणाऱ्यांचे वारस व्हायचे आणि फोडणाऱ्यांच्या वेळी दगडाच्या झिजेकडे बोट दाखवायचे, हा व्यवहार सरळ नाही. त्या मुलीचा प्रश्न मोबाइलवरून आला असेल, पण त्यातला 'हम' तिला मी दिला होता.

अशा वेळी आपल्याकडे एक तयार उत्तर असते. काश्मीरच्या हर्ष राजानेही देवमूर्ती उखडल्याचे कल्हणाने लिहिले आहे, हिंदू राजांनीही शत्रूची देवळे लुटली, वगैरे. हे इतिहासात आहे आणि सांगितले पाहिजे. पण 'त्यांनीही केले' हे वकिलाचे उत्तर झाले. त्याने खटला बरोबरीत सुटतो, मुलीच्या मनातला सल सुटत नाही.

*

इथे कुणी मला थांबवील. म्हणेल, बाई, जर्मनीची तुलना इथे आणू नका. तिथला अपराध एका राज्ययंत्रणेचा, कागदोपत्री नोंदलेला, करणारे आणि सोसणारे दोघेही जिवंत असतानाचा. इथे सहा-आठशे वर्षांपूर्वीच्या सुलतानांचा हिशेब आजच्या रिक्षावाल्याच्या पोरीकडे मागितला जातो. आधीच जिच्याकडे बोट दाखवले जाते तिलाच मान खाली घालायला सांगणे हा कुठला न्याय?

हा आक्षेप मी मान्य करते. माझी नानी भिवंडीची. 1970 च्या मे महिन्यात तिचे घर जळाले. त्या दंगलीची न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने चौकशी केली, अहवाल झाला. नानीने तो कधी पाहिला नाही. ती त्या दिवसाबद्दल क्वचितच बोले, पण बोलली तर एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. ती 'हिंदूंनी जाळलं' असे म्हणत नसे. ती म्हणे, समोरच्या वाडीतल्या अमक्याने दार लावून घेतले आणि मागच्या गल्लीतल्या तमक्या बाईने दार उघडले. तिच्या तोंडी माणसे असत, जमाती नसत. यास्पर्स यांना जे सांगायला एक पुस्तक लागले ते तिला असे दोन दारांत सांगता येई.

आणि आमच्या बाजूलाच उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची कल्याण छावणी. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर या नावाने गावाची पायाभरणी झाली. अजूनही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असेच म्हणतात. कराचीत 6 जानेवारी 1948 ला दंगल झाली, त्यानंतर तिथल्या हिंदूंचा निघून येण्याचा ओघ वाढला. आम्ही ईदचे कापड घ्यायला उल्हासनगरला जातो. दुकानदाराची आजी कराचीहून काय सोडून आली, हे मी एकदाही विचारलेले नाही. नानीचे दु:ख मी दहा वेळा सांगितले असेल. हा फरक मला सुलतानांनी शिकवलेला नाही. तो माझा स्वत:चा आहे, आणि त्याचा जाब मलाच द्यावा लागेल.

*

शेवटी मला वाट सापडली ती भाषेत. मुलीने उर्दूत विचारले होते. उर्दूतल्या 'हम'मध्ये ऐकणारा आत आहे की बाहेर, हे कळत नाही. मराठीत कळते. 'आम्ही' म्हटले की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. मराठीचा तास सुरू असताना मी फळ्यावर हे दोन शब्द लिहिले आणि मुलांना विचारले, सहलीत कुणीतरी विचारलेल्या प्रश्नातला 'हम' यांपैकी कोणता?

बरीच भवति न भवति झाली. एक मुलगा म्हणाला, "टीचर, अपने गाव में शिवाजी महाराज के घोड़े बदलते थे, इसलिए बदलापूर." ही आमच्या गावात सगळेच सांगतात ती कथा. मी विचारले, इथे 'अपने' म्हणजे कोण? तो म्हणाला, "गाववाले. सब." त्याला त्यात काहीच अडचण वाटली नाही. मग मी म्हटले, घोडे आपल्या गावात बदलत होते, तर ते मंदिरही आपल्याच तालुक्यात उभे राहिले. ते कुणी बांधले असेल, कुणी फोडले असेल, ते सगळे आपल्याच जमिनीवरचे. त्यातल्या कशाचाही अपराध तुमच्यावर नाही. पण जे आज उभे आहे ते सांभाळणे मात्र तुमच्यावर आहे. बांधण्याचा अभिमान घ्यायचा असेल तर मोडण्याची खंतही घ्या, आणि दोन्ही 'आपण' म्हणून घ्या, 'आम्ही' म्हणून नको.

तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "और वो बदबू?"

वर्गात हशा पिकला. मंदिराला लागून वालधुनी वाहते, आणि त्या दिवशी मुलांनी नाकाला रुमाल लावूनच हत्ती मोजले होते. कारखान्यांचे आणि घरांचे सांडपाणी तिच्यात येते. 2014 च्या नोव्हेंबरात त्याच नदीत कुणीतरी रसायन ओतले आणि उल्हासनगरात शेकडो माणसांना श्वासाच्या त्रासाने दवाखान्यात न्यावे लागले. साडेनऊशे वर्षांच्या दगडापाशी उभे राहून मी मुलांना शिलाहार सांगितले, सुलतान टाळले आणि पायाशी वाहणाऱ्या काळ्या पाण्याबद्दल अवाक्षरही काढले नाही.

त्या मुलीने वर पाहिले. या वेळी मी दगडाबद्दल बोलले नाही. म्हटले, "हो. ते आपण केलं."

यंदाही सहल अंबरनाथलाच न्यायची ठरवली आहे. मागच्या वर्षी ज्यांनी मुलाला पाठवले नाही, त्यांचा दुसरा मुलगा आता सातवीत आला आहे. अर्ज अजून परत आलेला नाही. या वेळी ते शाळेत येण्याची वाट न पाहता मीच त्यांच्या घरी जाईन म्हणते.