श्वास पुसावा की ठेवावा?

कंप्रेसर लावला की आधी ऐकू येतो तो श्वास. घरी रॅपचं मिक्सिंग शिकणाऱ्याला हा धक्का हमखास बसतो. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो. त्यात दोन ओळींमधली धापही शब्दांच्या शेजारी येऊन बसते. इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या खोलीत पंखा बंद करून, माइकमागे रजई टांगून रेकॉर्डिंग केलेलं असतं. रजई भिंतींचा घुमारा शोषते, छातीचा भाता नाही. मग नवखा पोरगा स्क्रीनवर एकेक श्वास निवडतो आणि पुसून टाकतो.

पुसावा का?

प्रश्न सॉफ्टवेअरचा वाटतो, पण इंदूरच्या माळव्यात तो फार जुना आहे. नाथपंथी हिशेबाप्रमाणे माणूस दिवसरात्रीत 21,600 श्वास घेतो, म्हणजे मिनिटाला 15, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ‘सोऽहम्’चा जप आपोआप चालू असतो. हाच अजपाजप. जिभेला त्यात काही काम नाही. म्हणजे रॅपर ज्याला कचरा समजून काढतो, ती नाथांच्या लेखी साधनाच.

इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर, देवासला, एका गायकापुढे हा प्रश्न जिवावरचा होऊन आला होता. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व 1948 मध्ये तिथे राहायला आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. काही वर्षं ते अंथरुणावर पडून माळवी बायकांची गाणी आणि निर्गुणी भजनं ऐकत राहिले. औषधाने रोग आटोक्यात आला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामीच राहिलं. 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा लांब दमसासाच्या ताना मागे पडल्या होत्या. छोटे, तुटक, झेपावणारे तुकडे आले होते आणि त्यांच्यामध्ये शांतता होती. कबीराची निर्गुणी भजनं त्यांनी गायली ती याच छातीने. त्यांच्या शैलीचं सगळं श्रेय आजाराला देणं मात्र भाबडेपणाचं. त्यांची बंडखोर बुद्धी आधीपासूनची होती. श्वास अपुरा आहे हे त्यांनी लपवलं नाही, एवढं खरं.

आणि लपवणंही कलाच असते. 1929 मध्ये इंदुरातच जन्मलेल्या लता मंगेशकरांना श्वास कुठे आणि कसा घ्यावा, म्हणजे माइकला तो कळणार नाही, हे संगीतकार अनिल विश्वास यांनी शिकवलं. ऐकणाऱ्याला श्वास लागत नाही, पण तो गाणाऱ्याने घेतलेला असतो.

कुमारांनी दाखवला, लताबाईंनी झाकला. दोघांचाही निर्णय देहात झाला. घरच्या रॅपरची अडचण इथेच आहे. पंच-इन करून तो एकेक ओळ वेगळी रेकॉर्ड करतो, मधले श्वास कापतो, टोकं जुळवतो. सोळा ओळींचा असा तुकडा तयार होतो, जो सलग कुणी म्हटलेलाच नसतो. स्टेजवर तिसऱ्या ओळीला तो अडखळला की हे उघडं पडतं.

याचा अर्थ यंत्र खोटं, असा नाही. ऑटो-ट्यून 1997 मध्ये बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलशोधासाठी भूकंपलहरींचं विश्लेषण करत होते. चुकलेला सूर गुपचूप सरळ करणं हा ऑटो-ट्यूनचा मूळ उपयोग. गायिका शेर हिच्या 1998 च्या ‘बिलीव्ह’ या गाण्यापासून तो उघडपणे मिरवला जाऊ लागला. पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन आपला आवाज असा धातूसारखा करतो तेव्हा कुणाची फसवणूक होत नाही. यंत्र समोरच उभं असतं. न घेतलेल्या दमाचं श्रेय घेणारा साधासुधा, ‘नैसर्गिक’ व्होकल त्यापेक्षा अधिक संशयास्पद.

व्यवहारात मधला रस्ता आहे. आधी अख्खी कडवी सलग म्हणायचा सराव करावा, कागदावर श्वासाच्या जागांना खुणा करून. मिक्समध्ये श्वास पुसण्याऐवजी 6 ते 10 डेसिबलने खाली आणावेत. डबल (तीच ओळ पुन्हा म्हटलेली) आणि अ‍ॅडलिब (मधले उद्गार) यांच्या ट्रॅकवरचे मात्र खुशाल कापावेत, नाहीतर तीन माणसं एकदम धापा टाकताना ऐकू येतात. हे सगळं मास्टरिंगच्या आधी करायचं. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (गाणं किती मोठं वाजतं त्याच्या मापाच्या) पातळीला आणतं, तरी नवशिके गाणं मोठं वाजावं म्हणून मास्टरिंगमध्ये लिमिटर करकचून आवळतात, आणि मिक्समध्ये खाली ठेवलेला श्वास तिथे पुन्हा वर येतो.